तेल्यावर भुरीचं औषध का चालत नाही: पेशींच्या प्रकल्पाच्या नोंदी

१८ ऑगस्ट, सांगली

विषय ठरला. मॅडमच्या यादीत ‘आदिकेंद्रकी व दृश्यकेंद्रकी पेशींच्या रचनेतील फरक’ हा विषय तळाला पडून होता. कुणी हात लावत नव्हतं, कारण तो सगळ्यांचा शाळेपासून पाठ आहे. आदिकेंद्रकीत केंद्रक नाही, दृश्यकेंद्रकीत आहे. इकडे तंतुकणिका (पेशीला ऊर्जा पुरवणारी अंगकं, म्हणजे पेशीतले छोटे अवयव) नाहीत, तिकडे आहेत. चार्ट पेपर आणा, मधे रेघ मारा, दहा मार्क घ्या.

मी तो मागून घेतला, त्याला कारण घरचं आहे. आटपाडीहून काकांचा फोन आला होता. मृग बहाराच्या (पावसाळ्याच्या तोंडाला फुलवलेल्या) डाळिंबावर तेल्या रोग आलाय. दुकानदारानं दिलेलं औषध दोनदा मारून झालं. ‘‘पंप झिजला फवारून, पण डाग काय हटंना. तू त्ये जंतूचंच शिकतीस न्हवं? मग सांग की काय मारायचं.’’ बाटलीवरचं नाव वाचून दाखवा म्हटलं तर निघालं हेक्झाकोनॅझोल. हे भुरीचं औषध. भुरी ही बुरशी, म्हणजे दृश्यकेंद्रकी. तेल्या हा झँथोमोनास नावाचा जीवाणू, म्हणजे आदिकेंद्रकी. काकांचा खर्च कुठं वाया गेला, त्याचं उत्तर त्या पाठ केलेल्या तक्त्यातच आहे. फक्त तक्ता तसा वाचायला कुणी सांगत नाही.

मॅडम तयार झाल्या, पण अट घातली. ‘‘तक्त्यात जो फरक लिहाल तो एकतर डोळ्यांनी दाखवायचा, नाहीतर प्रयोगानं. दोन्ही जमत नसेल तिथं तो कुणी आणि कसा शोधला ते लिहायचं. पुस्तकात आहे म्हणून लिहिलं, हे चालणार नाही.’’ जोडीदारीण म्हणाली, मेलो.

२१ ऑगस्ट

सुरुवात गालापासून. जोडीदारीण हॉस्टेलवरून दात न घासताच आली होती, प्रकल्पासाठी म्हणे. काडीनं गाल आतून खरवडला, काचपट्टीवर पसरलं, मिथिलीन ब्लूचा थेंब, वर आच्छादक काच.

गालाची पेशी पसरट, वेड्यावाकड्या कडांची, मधे गडद निळं केंद्रक. हे आठवीत बघितलं होतं. तेव्हा न बघितलेली गोष्ट म्हणजे त्या पेशीवर चिकटलेले बारीक निळे ठिपके आणि काड्या. तोंडातले जीवाणू. शंभरच्या भिंगाखाली तेल घालून बघितल्यावर साखळ्यासुद्धा दिसल्या. दोन्ही प्रकारच्या पेशी एकाच दृष्टिक्षेत्रात, त्याही एका माणसाच्या तोंडातून. आमच्या पुस्तकात ही जोडी एकत्र कुठंच छापलेली नाही.

ऑक्युलर मायक्रोमीटर (भिंगात बसणारी मोजपट्टी) बसवून मोजलं. गालाची पेशी साधारण ६० मायक्रोमीटर (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तिचं केंद्रक ८ ते १०, आणि जीवाणू १ मायक्रोमीटरच्या आसपास. म्हणजे एकट्या केंद्रकाच्या रुंदीत आठ-दहा जीवाणू ओळीनं बसतील.

माझा जुना राग इथं नोंदवून ठेवते. चार्टवर जीवाणू आणि प्राणीपेशी शेजारी शेजारी एकाच आकाराच्या काढतात. जीवाणू १ सेंटिमीटरचा काढला तर गालाची पेशी ६० सेंटिमीटरची काढायला हवी. ती चार्ट पेपरवर मावणारच नाही. आम्ही तशीच काढायची ठरवलंय, भिंतीवर, जुन्या कॅलेंडरांच्या पाठी जोडून.

२५ ऑगस्ट

आकार एवढा वेगळा का, यावर आज ग्रंथालयात बसले. मुख्य मुद्दा विसरणाचा आहे. पेशीत रेणू आपोआप इकडून तिकडे पसरतात, पण अंतर दहापट झालं की लागणारा वेळ शंभरपट होतो. एक मायक्रोमीटरच्या जीवाणूला त्यामुळे वाहतुकीची सोयच करावी लागत नाही. तयार झालेलं प्रथिन क्षणात सगळीकडे पोचतं. साठ मायक्रोमीटरच्या पेशीला ते परवडत नाही. म्हणून तिथं वाहतुकीची सोय: आंतर्द्रव्यजालिका (पटलांच्या नळ्यांचं जाळं), गॉल्गी (माल निवडून पाठवणारं अंगक), पुटिका (मालाच्या बारीक पिशव्या), आणि सूक्ष्मनलिकांवरून माल ओढून नेणारी प्रथिनं.

तक्त्यात हे सगळं ‘पटलयुक्त अंगके: नाहीत / आहेत’ एवढ्या एका ओळीत उरकलेलं असतं.

अपवादही लिहून ठेवते, नाहीतर बाहेरचे परीक्षक पकडतील. थायोमार्गारिटा मॅग्निफिका हा कॅरिबियनमधल्या ग्वादलूपच्या खारफुटीत सापडलेला जीवाणू २०२२ साली जाहीर झाला. तो साधारण १ सेंटिमीटर लांब असतो, नुसत्या डोळ्यांना दिसतो. त्याच्या पेशीचा बहुतेक भाग एका मोठ्या रिक्तिकेनं (द्रवाच्या पिशवीनं) व्यापलेला असतो आणि जिवंत द्रव्य कडेच्या पातळ थरात असतं, त्यामुळे विसरणाचं गणित तिथंही मोडत नाही. वर त्याचा डीएनए बारीक पटलवेष्टित पिशव्यांत असतो. उलट बाजूला ऑस्ट्रिओकॉकस नावाचं शैवाल: दृश्यकेंद्रकी, पण आकार जेमतेम ०.८ मायक्रोमीटर. तेव्हा आकार हा फरक ‘बहुधा’ लावूनच लिहायचा.

२९ ऑगस्ट

कृष्णेचं पाणी उतरलं. गेल्या आठवड्यात आयर्विन पुलाजवळ पातळी ४० फुटांच्या इशाऱ्याकडे सरकत होती, तेव्हा घाटावर जाण्याचा प्रश्नच नव्हता. आज घाटाच्या पायऱ्यांवरच्या डबक्यांतून हिरवं शेवाळ आणलं. दोन प्रकारचं मिळालं, एक लांब रेशमी धाग्यांचं, एक काळपट हिरवं, बुळबुळीत, पायरीला चिकटलेलं.

रेशमी धागे स्पायरोगायराचे. प्रत्येक पेशीत हिरवी पट्टी मळसूत्रासारखी फिरलेली, बाकी पेशी रंगहीन. म्हणजे हिरवा रंग एका अंगकात बंद केलेला. बुळबुळीत शेवाळ ऑसिलेटोरिया निघालं, सायनोबॅक्टेरिया, म्हणजे शेवाळासारखा दिसणारा जीवाणू, आदिकेंद्रकी. त्याच्या धाग्यात रंग सगळ्या पेशीभर सारखा पसरलेला, पट्टी नाही, गोळा नाही. प्रकाशसंश्लेषण दोघंही करतात आणि प्राणवायूही दोघंही सोडतात. पण एकाचं यंत्र हरितलवकात आहे आणि दुसऱ्याचं पेशीतच पसरलेल्या पटलांवर.

आयोडीन घातल्यावर स्पायरोगायराच्या पट्टीवरचे गोल ठिपके काळेनिळे झाले, तिथं स्टार्च साठतो. ऑसिलेटोरिया निळं झालं नाही.

हे करताना एक गोष्ट आपसूक दिसली. ऑसिलेटोरियाचा धागा सरकतो. हळू, एका दिशेनं, मग थांबून उलटा. कशाभिका (पोहायची शेपटी) नाही, काही नाही. लॅबचे मामा येऊन बघून गेले आणि म्हणाले, ‘‘तीस वर्षं पायऱ्यांवर ह्याच्यावरनं घसरतोय, पण ह्ये स्वतःच घसरतंय हे म्हाईत नव्हतं.’’

२ सप्टेंबर

दही. विरजणाच्या दह्याचं ताक करून पातळ लेप दिला. स्निग्धांश काढून टाकायला झायलीन, मग मिथेनॉलनं स्थिर केलं. नाहीतर लोण्याचे गोळेच दिसत राहतात.

ग्रॅम अभिरंजन: क्रिस्टल व्हायोलेट एक मिनिट, आयोडीन एक मिनिट, अल्कोहोलनं धुणं, शेवटी सॅफ्रॅनिन. हान्स ख्रिश्चन ग्रॅमनं १८८४ साली बर्लिनमध्ये शोधलेली पद्धत आजही प्रत्येक लॅबमध्ये रोज होते. दह्यातल्या काड्या आणि साखळ्या जांभळ्या झाल्या. त्यांची पेशीभित्तिका पेप्टिडोग्लायकनच्या (शर्करा आणि अमिनो आम्लांच्या जाळीच्या) जाड थराची, जांभळा रंग तिथं अडकून बसतो.

त्याच पट्टीच्या दुसऱ्या टोकाला बेकरीचं यीस्ट लावलं होतं. तेही जांभळं झालं. जोडीदारणीनं लगेच विचारलं, मग यीस्टमध्येही पेप्टिडोग्लायकन असतं का? नसतं. यीस्टची भित्तिका ग्लुकॅन आणि मॅननची, थोड्या कायटिनची, म्हणजे वेगळ्याच शर्करांच्या साखळ्यांची. ती जाड आहे, म्हणून रंग धरते, एवढंच. म्हणजे ग्रॅमच्या रंगावरून ‘हा आदिकेंद्रकी’ असं म्हणता येत नाही. रंग भित्तिकेची जाडी आणि घट्टपणा सांगतो, ती कशाची आहे ते सांगत नाही. आकारानं मात्र फरक उघड होता: यीस्टच्या पेशी ६-७ मायक्रोमीटर, लंबगोल, काहींना कळी फुटलेली.

द्राक्षाच्या घडाला धुऊन आलेल्या पाण्यातही यीस्ट असतं म्हणतात, लिंबाच्या आकाराचं. आत्ता सांगलीत द्राक्ष कुठलं आणायचं! राहिलं.

६ सप्टेंबर

काकांनी एसटीच्या पार्सलनं डाळिंबाची पानं आणि दोन फळं पाठवली. फळांवर काळपट डाग, मधे चिरलेले. पानांवर तेल सांडल्यासारखे डाग, भोवती पिवळी कडा.

पानाच्या डागाची कड ब्लेडनं कापून पाण्याच्या थेंबात ठेवली. कमी मोठेपणाच्या भिंगाखाली कापलेल्या कडेतून धुरकट लोट बाहेर येताना दिसतो. ते सगळे जीवाणू. निरोगी पानाचा तुकडा शेजारी ठेवला होता, त्यातून काही आलं नाही. बुरशीचा डाग असता तर असा लोट आला नसता, तंतू दिसले असते. शेतकऱ्याला औषध देण्याआधी ही तपासणी कुठल्याही शाळेच्या सूक्ष्मदर्शकावर पाच मिनिटांत होते. दुकानात मात्र पानाकडे न बघताच बाटली काउंटरवर येते. यावर मॅडम म्हणाल्या, हे वाक्य अहवालात नको, नोंदवहीत राहू दे.

१० सप्टेंबर

पानातून निघालेले जीवाणू न्यूट्रिएंट अगारवर (जंतू वाढवायच्या घट्ट खाद्यावर) लावले होते, त्यावर चौथ्या दिवशी पिवळ्या, चमकदार, बुळबुळीत वसाहती आल्या. झँथोमोनासचा हा पिवळा रंग ओळखीचा. ग्रॅम केलं: गुलाबी काड्या. ग्रॅम-ऋण, म्हणजे जांभळा रंग न धरणारे.

मग पोटॅशची चाचणी. मला वाटतं सबंध प्रकल्पात सगळ्यात कमी सामानात सगळ्यात जास्त दाखवणारी गोष्ट हीच. काचपट्टीवर ३ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब, त्यात वसाहतीचा कण घोळायचा आणि लूप हळूच उचलायचा. काही सेकंदांत द्रव चिकट होतो आणि लूपबरोबर तार येते, पाकाची येते तशी. ग्रॅम-ऋण पेशीची भित्तिका पातळ असते, अल्कलीत तिचं आवरण टिकत नाही, पेशी फुटते आणि आतला डीएनए बाहेर येतो. ती तार म्हणजे डीएनए. दह्यातल्या जीवाणूंची तार आली नाही, त्यांची जाड भित्तिका टिकली. यीस्टचीही आली नाही.

जीवाणूचा डीएनए कुठल्या पटलात बंद नसतो, हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर गुंडाळलेलाही नसतो. पेशी फुटली की सरळ बाहेर. ई. कोलाय या नेहमीच्या जीवाणूत तो एकच गोलाकार रेणू असतो, सुमारे ४६ लाख बेस जोड्यांचा (बेस जोडी म्हणजे डीएनएच्या शिडीची एक पायरी). सरळ केला तर दीड मिलिमीटर लांब, आणि तो राहतो दोन मायक्रोमीटरच्या पेशीत. यीस्टचा जीनोम, म्हणजे एकूण डीएनए, सव्वाकोटीच्या आसपास, १६ गुणसूत्रांत वाटलेला. माणसाचा तीनशे कोटींच्या वर.

मामांना तार दाखवली. त्यांनी स्वतः करून बघितली, मग परत एकदा, मग चहा सांडला.

१३ सप्टेंबर

गौरी-गणपतीची सुट्टी, घरी. नोंद प्रयोगाची नाही, पण कामाची आहे.

आजीला सांगत होते की जीवाणूला मारायला स्ट्रेप्टोमायसिन वापरतात. ती म्हणाली, त्याच्याच सुया माझ्या भावाला दिल्या होत्या, टीबी झाला तेव्हा. ‘‘खोकला गेला, माणूस वाचला. पण पुढं अंधारात चालताना झोक जायचा. कानात सारखं गुं-गुं व्हायचं.’’

स्ट्रेप्टोमायसिनच्या दुष्परिणामांत कानाचा तोल सांभाळणारा भाग दुखावणं हे अगदी ठळक लिहिलेलं असतं. प्रश्न असा, की औषध जीवाणूचं, मग माणसाच्या पेशीला का लागलं? याचं उत्तर रचनेच्या तक्त्यातच बसतं, म्हणून पुढच्या आठवड्यात हेच.

१९ सप्टेंबर

रायबोझोम, म्हणजे पेशीत प्रथिनं बनवणारे कण. हे आमच्या सूक्ष्मदर्शकात दिसत नाहीत, दिसणारही नाहीत. प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाची मर्यादा ०.२ मायक्रोमीटरच्या आसपास, रायबोझोम त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा. जॉर्ज पलाडे यांनी १९५५ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं हे कण नीट दाखवले. मॅडमच्या अटीप्रमाणे ‘कुणी शोधलं’ हा रकाना भरला.

जीवाणूंचे रायबोझोम ७०एस, आपल्या पेशींच्या द्रव्यातले ८०एस. ७०एसचे तुकडे ५०एस आणि ३०एस, ८०एसचे ६०एस आणि ४०एस. जोडीदारीण म्हणाली, ५० आणि ३० चे ७० कसे? एस हे वजन नाही. अपकेंद्री यंत्रात कण किती वेगानं तळाला जातो त्याचं ते माप, स्वेडबर्ग यांच्या नावाचं. वेग वजनाबरोबर आकारावरही ठरतो, म्हणून बेरीज जुळत नाही.

स्ट्रेप्टोमायसिन ३०एस तुकड्याला चिकटतं. तिथं डीएनएकडून आलेला संदेश चुकीचा वाचला जातो आणि प्रथिनं बिघडतात. आपल्या ४०एसला ते सहजी चिकटत नाही. औषध जंतू मारतं आणि रोगी जगतो, तो या फरकाच्या जोरावर. पेनिसिलिनचंही तेच: ते पेप्टिडोग्लायकनची वीण जोडू देत नाही, आणि आपल्याला पेप्टिडोग्लायकनच नाही.

आता आजीचा भाऊ. आपल्या पेशीतल्या तंतुकणिकांना स्वतःचे रायबोझोम असतात आणि ते जीवाणूंच्या रायबोझोमच्या नात्यातले आहेत. तंतुकणिकेला दुहेरी पटल, स्वतःचा गोलाकार डीएनए, माणसात १६,५६९ बेस जोड्यांचा. जीवाणूसारखी दुभंगून वाढते. लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ च्या निबंधात मांडलं, की तंतुकणिका आणि हरितलवक हे एकेकाळी स्वतंत्र जगणारे जीवाणू होते, मोठ्या पेशीनं आत घेतलेले. म्हणजे माझ्या स्पायरोगायरातली ती हिरवी पट्टी घाटाच्या पायरीवरच्या बुळबुळीत शेवाळाची लांबची भावकी.

स्ट्रेप्टोमायसिनच्या गटातली औषधं आतल्या कानाच्या केसपेशींत साठतात. तंतुकणिकेच्या डीएनएत १५५५ व्या जागी एक विशिष्ट बदल असलेल्या लोकांत तिचा रायबोझोम जीवाणूच्या रायबोझोमसारखा आणखी दिसू लागतो आणि अशा माणसाला या गटाच्या औषधानं बहिरेपण येऊ शकतं. आजीच्या भावाला नेमकं हेच झालं असं मी म्हणत नाही. पण दृश्यकेंद्रकीच्या रकान्यात आता ‘८०एस, आणि तंतुकणिका-हरितलवकांत जीवाणूच्या धर्तीचे’ असं पूर्ण लिहायला हवं.

२६ सप्टेंबर

चकत्यांचा प्रयोग. एका प्लेटवर झँथोमोनास पसरला, एकावर यीस्ट. दोन्हींवर औषधात भिजवलेल्या कागदाच्या चकत्या: एक चकती स्ट्रेप्टोमायसिनची, एक फ्लुकोनॅझोलची. फ्लुकोनॅझोल माणसाच्या बुरशीचं औषध, पण हेक्झाकोनॅझोलच्याच कुळातलं. बुरशीच्या पेशीपटलात अर्गोस्टेरॉल लागतं, ते तयार करणारं एक विकर ही औषधं अडवतात. जीवाणूंच्या पटलात साधारणपणे स्टेरॉल नसतंच. जे घरात नाही त्याची चोरी कशी करणार?

३० सप्टेंबर

यीस्टच्या प्लेटवर फ्लुकोनॅझोलभोवती मोकळं वर्तुळ, स्ट्रेप्टोमायसिनच्या चकतीला चिकटून यीस्ट वाढलेलं. झँथोमोनासच्या प्लेटवर बरोबर उलट. काकांच्या बाटलीचा निकाल या दोन प्लेटांत लागला, फोटो काढून पाठवला.

पण स्ट्रेप्टोमायसिनच्या मोकळ्या वर्तुळात कडेजवळ चार-दोन पिवळ्या वसाहती उगवल्यात. प्रतिकारक असाव्यात. मॅडमनी अहवालात ‘आढळल्या’ एवढंच लिहायला सांगितलं, कारण खात्री करायला वेगळी चाचणी लागेल. मला मात्र त्या वसाहतींतच रस आहे. जीवाणूंत मुख्य डीएनएशिवाय प्लाझ्मिड नावाची छोटी वर्तुळं असतात, ती एका पेशीतून दुसरीत जाऊ शकतात आणि स्ट्रेप्टोमायसिनला, तांब्यालासुद्धा, दाद न देणारी जनुकं त्यांच्यावरून पसरतात. बागेत दर पावसानंतर स्ट्रेप्टोसायक्लीनच्या (स्ट्रेप्टोमायसिन असलेल्या शेतीच्या औषधाच्या) पुड्या ओतल्या तर काय शिल्लक राहणार ते यातून कळतं. काकांना तसं सांगितलं. ते म्हणाले, ‘‘म्हंजी हेबी गेलं?’’

२२ ऑक्टोबर

मधे परीक्षा, मग पाऊस. बाबांची तासगावची द्राक्षबाग छाटणीनंतर फुटली आणि लगोलग डाऊनी हा रोग आला. पानावर पिवळसर तेलकट डाग, खाली पांढरी लव.

डाऊनीला बुरशी म्हणतात, बुरशीनाशकाच्या दुकानातच तिचं औषध मिळतं, पण पेशीच्या रचनेनं ती खऱ्या बुरशीत बसत नाही. ती ऊमायसीट. भित्तिका मुख्यतः ग्लुकॅन आणि सेल्युलोजची, भुरीसारखी कायटिनची नाही. अर्गोस्टेरॉल ती स्वतः बनवत नाही. म्हणून भुरीवर चालणारं ट्रायझोल (हेक्झाकोनॅझोलचं कूळ) तिच्यावरही वाया. डायमेथोमॉर्फसारखी औषधं तिच्या सेल्युलोजच्या भित्तिकेचं काम बिघडवतात, ती भुरीवर चालत नाहीत. म्हणजे ‘दृश्यकेंद्रकी’ एवढं कळूनही बाटली निवडता येत नाही, आणखी एक पायरी उतरावी लागते. प्रकल्पाच्या शीर्षकाबाहेरचं आहे, तरी घेणार.

लव खरवडून थंड पाण्यात ठेवली. काही तासांनी लिंबासारख्या पिशव्यांतून बारीक बीजाणू बाहेर पडून पोहायला लागले. प्रत्येकाला दोन कशाभिका. त्या आमच्या सूक्ष्मदर्शकात नीट दिसल्या नाहीत, पोहणं मात्र दिसलं. झँथोमोनासला एका टोकाला एकच कशाभिका असते. दोन्हीकडे शब्द एकच, वस्तू पूर्ण वेगळी. जीवाणूची कशाभिका फ्लॅजेलिन या प्रथिनाचा ताठ, नागमोडी धागा, बुडाशी फिरणारी मोटर, पटलातून आत येणाऱ्या प्रोटॉनांवर चालणारी. दृश्यकेंद्रकींची कशाभिका पेशीपटलानं वेढलेली, आत सूक्ष्मनलिकांच्या नऊ जोड्या आणि मधे दोन, ती फिरत नाही, वाकते, एटीपी हे पेशीचं इंधन खर्च करून. तक्त्यात हे ‘दोन्हींत असू शकते’ म्हणून सुटतं, याचं आश्चर्य वाटतं.

२४ ऑक्टोबर

बाबांनी विचारलं, मग बोर्डो दोन्हींवर कसं चालतं? चांगला प्रश्न. बोर्डो मिश्रण म्हणजे मोरचूद आणि चुना. मिलार्डे यांनी फ्रान्समध्ये १८८५ साली डाऊनीसाठीच ते पुढे आणलं. तांबं कुठल्या एका रचनेवर नेम धरत नाही. पेशीत गेलं की अनेक प्रथिनांना चिकटून ती निकामी करतं, आणि प्रथिनं सगळ्यांकडे आहेत. म्हणून तेल्यावर, डाऊनीवर दोन्हीकडे. म्हणूनच प्रमाण चुकलं तर पानही भाजतं.

काकांसाठी जे निघालं ते असं: रोगट फांद्या आणि फळं छाटून बागेबाहेर नष्ट करणं, प्रत्येक झाडानंतर कात्री सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवणं, १ टक्का बोर्डो, आणि पुढल्या वर्षी मृग सोडून हस्त बहार धरणं, म्हणजे फळ पावसाच्या तोंडी येत नाही. हे काही मी शोधलेलं नाही, डाळिंबाचे तज्ज्ञ सांगतातच. काकांनी हो-हो केलं, कात्रीचं मात्र ‘‘एवढ्या झाडांना कोण बुडवत बसणार’’ म्हणाले.

१२ नोव्हेंबर

अहवाल लिहिणं. शब्दांचा इतिहास अर्ध्या पानात आटोपला: शॅटों यांनी १९२५ साली ही दोन नावं वापरली, स्टॅनियर आणि व्हॅन नील यांनी १९६२ साली फरकाची नीट मांडणी केली. १९७७ साली वोस आणि फॉक्स यांनी रायबोझोमच्या आरएनएवरून दाखवलं, की ‘आदिकेंद्रकी’ या एका पेटीत दोन निराळी घराणी आहेत, जीवाणू आणि आर्किया. आर्कियाला केंद्रक नाही, पण भित्तिकेत पेप्टिडोग्लायकनही नाही, आणि त्यांतल्या पुष्कळांत हिस्टोन आहेत. त्यामुळे पेप्टिडोग्लायकनची ओळ ‘आदिकेंद्रकी’खाली न लिहिता ‘जीवाणू’खाली लिहिली. मॅडमनी त्या ओळीपुढं बरोबरची खूण केली. अख्ख्या अहवालात ही एकच खूण आहे.

केंद्रकाच्या पटलाबद्दल लिहिताना एक परिणाम ठळक केला. जीवाणूत डीएनएवरून संदेश उतरून होत असतानाच त्याच्या मोकळ्या टोकाला रायबोझोम लागून प्रथिन बनवायला लागतात. दृश्यकेंद्रकीत संदेश आधी केंद्रकात पूर्ण होतो, त्यातले नको ते तुकडे कापले जातात, मग तो छिद्रांतून बाहेर येतो. वेळ जातो, पण कुठलं जनुक कधी, किती वापरायचं यावर हात ठेवायला जागा मिळते. ई. कोलाय चांगल्या परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो, यीस्टला दीड तास लागतो. यामागं हे एकच कारण नाही, पण हेही एक आहे.

२० नोव्हेंबर

अहवाल दिला. न दाखवता आलेल्या गोष्टी शेवटच्या पानावर, शोधणाऱ्याच्या नावासह: केंद्रकाला नाव देणारे रॉबर्ट ब्राउन, १८३१; गॉल्गी, १८९८; लयकारिकांचे द द्यूव, १९५५. गालाची पेशी कॅलेंडरांच्या पाठीवर काढून लॅबच्या भिंतीला लावलीय, खाली कोपऱ्यात १ सेंटिमीटरचा जीवाणू. पुढच्या वर्गातल्या एकानं तो डाग समजून खोडायला घेतला होता.

प्लेटा मामांनी ऑटोक्लेव्हमध्ये घातल्या, १२१ अंश, १५ पौंड, २० मिनिटं. प्रतिकारक वाटलेल्या त्या वसाहतींतली एक मॅडमच्या परवानगीनं तिरप्या अगारच्या नळीत वेगळी काढून फ्रीजमध्ये ठेवलीय. तोंडी परीक्षा ४ डिसेंबरला.